स्ट्रिंग फील्डचा पार्सर जनरेट करताना: टार हेडर घेऊन एक पूर्ण उदाहरण

टार फाइलमध्ये (अनेक फाइली एकत्र बांधायच्या फॉरमॅटमध्ये) प्रत्येक नोंदीच्या आधी ५१२ बाइटचं हेडर असतं. यूस्टार या टारच्या प्रमाणित फॉरमॅटमध्ये त्यात १६ फील्ड आहेत आणि सगळीच्या सगळी मजकूर म्हणून लिहिलेली. नाव तर मजकूर आहेच, पण आकार, तारीख, परवानग्या हेही ऑक्टल (आठ पाया असलेल्या, ० ते ७) अंकांच्या मजकुरात. म्हणजे स्ट्रिंग फील्डचा पार्सर (बाइट वाचून त्यांचा अर्थ लावणारा कोड) कसा जनरेट करायचा हे शिकायला यापेक्षा सोयीचा नमुना मिळणं कठीण. लहान आहे, रोज वापरात आहे आणि त्यात खड्डेही भरपूर आहेत.

इथे जनरेटर (तक्त्यावरून कोड लिहिणारी स्क्रिप्ट) पायथनमध्ये आणि बाहेर पडणारा कोड सीमध्ये धरला आहे. दुसरी भाषा असली तरी विचार तोच.

आधी तक्ता, मग कोड

स्ट्रिंगच्या पार्सरमधल्या बहुतेक चुका एकाच प्रश्नावर होतात: ही स्ट्रिंग संपते कुठे? हाताने कोड लिहिताना या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक फंक्शनमध्ये वेगवेगळ्या शब्दांत, कधी कधी चुकून, दिलं जातं. म्हणून ते उत्तर कोडमधून काढून तक्त्यातल्या एका रकान्यात टाका. जनरेटरचा खरा फायदा हाच. टायपिंग वाचतं ते वेगळं.

टारसाठी तक्ता असा होतो. रकाने: फील्ड, बाइट, शेवट, रिकामं चालेल का.

नेम | १०० | शून्य-ऐच्छिक | नाही
मोड | ८ | ऑक्टल | नाही
यूआयडी | ८ | ऑक्टल | हो
जीआयडी | ८ | ऑक्टल | हो
साइज | १२ | ऑक्टल | नाही
एमटाइम | १२ | ऑक्टल | हो
चेकसम | ८ | ऑक्टल | नाही
टाइपफ्लॅग | १ | एक-बाइट | हो
लिंकनेम | १०० | शून्य-ऐच्छिक | हो
मॅजिक | ८ | ठरीव | हो
यूनेम | ३२ | शून्य-सक्तीचं | हो
जीनेम | ३२ | शून्य-सक्तीचं | हो
डेव्हमेजर | ८ | ऑक्टल | हो
डेव्हमायनर | ८ | ऑक्टल | हो
प्रीफिक्स | १५५ | शून्य-ऐच्छिक | हो
भरती | १२ | दुर्लक्ष | हो

ऑफसेट (फील्ड हेडरच्या कितव्या बाइटवर सुरू होतं) तक्त्यात लिहू नका. ते जनरेटरने बेरीज करून काढायचे. माणसाने लिहिलेला ऑफसेट आणि माणसाने लिहिलेली लांबी कधी तरी एकमेकांशी भांडणारच. उलटतपासणीसाठी दोनच आकडे हाताशी ठेवा: मॅजिक २५७वर यायला हवं आणि प्रीफिक्स ३४५वर. एकूण बेरीज ५१२ झाली नाही तर जनरेटरने फाइल न लिहिता थांबायचं.

मूळ व्याख्येत मॅजिक (फॉरमॅट ओळखायची खूण) ६ बाइटचं आणि त्यापुढे व्हर्जन २ बाइटचं अशी दोन फील्ड आहेत. इथे ती मुद्दाम एकत्र केली आहेत. पॉझिक्स या प्रमाणाच्या यूस्टारमध्ये मॅजिक म्हणजे ‘यूस्टार’ ही पाच रोमन अक्षरं आणि शेवटी शून्य बाइट (किंमत ० असलेला, ‘०’ हा अंक नव्हे), आणि व्हर्जनमध्ये दोन शून्य अंक. जीएनयू टार या प्रोग्रॅमच्या जुन्या फॉरमॅटमध्ये मात्र त्याच पाच अक्षरांनंतर दोन स्पेस आणि मग शून्य बाइट येतो. म्हणजे ६ बाइटचं मॅजिक वेगळं वाचलं तर जीएनयूच्या फाइलीत त्याला शेवटचा शून्य बाइट सापडतच नाही, आणि ‘शून्य सक्तीचं’ हा नियम चांगल्या फाइली परत पाठवायला लागतो. ८ बाइट एकत्र घेऊन दोन माहीत असलेल्या किमतींशी ताडून पाहणं सरळ पडतं. त्याहून जुन्या फाइलींत इथे काहीच नसतं, म्हणून ‘रिकामं चालेल’.

जनरेट झालेलं फंक्शन काय परत देतं

स्ट्रिंगची नक्कल करून देऊ नका. पॉइंटर आणि लांबी अशी जोडी द्या. पॉइंटर मूळ ५१२ बाइटच्या बफरमध्येच दाखवतो. मेमरी मागावी लागत नाही, त्यामुळे ‘मेमरी मिळाली नाही’ ही चुकीची एक अख्खी शाखा कोडमधून गळते. वापरणाऱ्याला दोन गोष्टी मात्र ठळक सांगाव्या लागतात, आणि त्या जनरेटरनेच प्रत्येक फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये टाकाव्यात. एक, पुढचं हेडर त्याच बफरमध्ये वाचलं की आधीची जोडी निकामी होते. दोन, या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. प्रिंटएफने छापायची तर प्रिसिजन द्यावं लागतं आणि ते इंट प्रकारचं लागतं. लांबी साइझ-टी प्रकारात आहे म्हणून ती तशीच ढकलली तर ६४ बिट मशीनवर कधी चालेल, कधी नाही. कास्ट करा.

परतीची किंमत म्हणून एररचा एनम ठेवा: ठीक, रिकामं, शेवट नाही, भलता अंक, मावत नाही. प्रत्येक फील्डला वेगळा एरर कोड काढायची हौस टाळा. एररसोबत फील्डचा क्रमांक गेला की पुरतं.

शून्य-ऐच्छिक: इथेच सगळे पडतात

नेम, लिंकनेम आणि प्रीफिक्स या तिघांचा नियम असा: नाव फील्डपेक्षा लहान असेल तर शून्य बाइटने संपतं, पण बरोबर तेवढंच लांब असेल तर शून्य बाइट नसतोच. १०० बाइटचं नाव १०० बाइटच्या फील्डमध्ये काठोकाठ बसतं.

अशा फील्डवर स्ट्रलेन (शून्य बाइट येईपर्यंत मोजणारं सीचं फंक्शन) चालवलं तर काय होतं ते पाहा. नेमच्या लगेच पुढे मोड आहे आणि त्यात साधारणपणे ‘००००६४४’ असे सात अंक आणि मग शून्य बाइट असतो. स्ट्रलेन तिथे जाऊन थांबतं. नाव १०० ऐवजी १०७ बाइटचं होतं आणि डिस्कवर तयार झालेल्या फाइलच्या नावामागे ‘००००६४४’ चिकटलेलं दिसतं. लिंकनेमच्या बाबतीत मागे ‘यूस्टार’ ही अक्षरं चिकटतात, कारण पुढचं फील्ड मॅजिक आहे. सिमलिंक तुटलेली दिसली आणि तिच्या टोकाला ही अक्षरं असली की शोधाशोध करायची गरज नाही. प्रीफिक्सची गंमत वेगळीच. त्याच्या पुढे १२ बाइटची भरती आहे आणि ती बहुधा शून्यांचीच असते, त्यामुळे तीच चूक तिथे कधीच दिसत नाही. ‘प्रीफिक्सचा कोड चालतोय, तोच नेमला लावू’ असं म्हणणारा तिथे फसतो.

जनरेटरने या प्रकारासाठी काढायचा कोड तीन पायऱ्यांचा:

१. फील्डच्या सुरुवातीपासून फील्डच्या लांबीइतकेच बाइट मेमसीएचआरने शोधा, शोधायचा बाइट शून्य.
२. सापडला तर लांबी म्हणजे दोन पॉइंटरमधलं अंतर, नाही सापडला तर लांबी म्हणजे फील्डची पूर्ण लांबी.
३. लांबी शून्य आली आणि तक्त्यात ‘रिकामं चालेल: नाही’ असेल तर ‘रिकामं’ हा एरर.

शून्य-सक्तीचं या प्रकारात फक्त दुसरी पायरी बदलते: नाही सापडला तर ‘शेवट नाही’. शून्य बाइटनंतर फील्डमध्ये उरलेल्या जागेकडे बघू नका. ती शून्यांनी भरलेली असावी ही अपेक्षा रास्त आहे, पण कचरा सोडणारे प्रोग्रॅमही आहेत आणि त्यापायी चांगली फाइल नाकारण्यात अर्थ नाही.

स्ट्रएनकॉपीचा (ठरावीक बाइटपर्यंत नक्कल करणाऱ्या फंक्शनचा) मोह इथे होतो, कारण नावावरून ते सुरक्षित वाटतं. स्रोत काठोकाठ भरलेला असेल तर ते शेवटी शून्य बाइट घालत नाही. म्हणजे ज्या एका परिस्थितीसाठी ते वापरलं त्याच परिस्थितीत ते उपयोगाचं नाही.

ऑक्टल

स्ट्रटोल (मजकुराचा आकडा करणारं सीचं फंक्शन) वापरू नका. ते फील्डची हद्द ओळखत नाही. साइजमध्ये ११ अंक आणि एक शेवटचा बाइट असावा, पण १२च्या १२ जागा अंकांनी भरलेली हेडरंही भेटतात. अशा वेळी स्ट्रटोल थेट एमटाइमचे अंक गिळायला लागतं. शिवाय ते उणे चिन्ह स्वीकारतं. बेस ८ ऐवजी ० दिला तर पुढे शून्य असलेलं ‘००००६४४’ ऑक्टल धरलं जातं आणि पुढे स्पेस असलेलं ‘६४४’ दशमान. पहिल्याची किंमत ४२०, दुसऱ्याची ६४४. परवानग्या अधूनमधून विचित्र दिसतात त्या अशा.

त्याऐवजी जनरेटरच्या टेम्प्लेटमध्ये (कोडच्या साच्यात) साधं लूप: पुढच्या स्पेस सोडा, ४८ ते ५५ या किमतीचे बाइट (० ते ७ हे अंक) जमवत जा, स्पेस किंवा शून्य बाइट आला की थांबा, फील्ड संपलं तरी थांबा, दुसरं काहीही आलं तर ‘भलता अंक’. जमवायचं ते ६४ बिट अनसाइन्डमध्ये. ११ ऑक्टल अंकांत ८,५८,९९,३४,५९१ पर्यंतचा आकडा बसतो, म्हणजे ८ गिबिबाइटला एक बाइट कमी. ३२ बिटमध्ये घेतलं तर ४ गिबिबाइटच्या पुढे आकडा गुपचूप गुंडाळला जातो आणि पुढच्या हेडरची जागाच चुकते.

८ गिबिबाइटच्या वर जीएनयू फॉरमॅट मजकूर सोडून देतो. पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट लावलेला असेल, म्हणजे किंमत १२८ किंवा जास्त असेल, तर उरलेले बाइट हा बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) आकडा समजायचा. साइजच्या १२ बाइटमधले ८ कामाचे, त्याआधीचे शून्य नसतील तर ‘मावत नाही’. पहिला बाइट २५५ असेल तर आकडा ऋण आहे. १९७० पूर्वीच्या एमटाइमसाठी तो अर्थपूर्ण, साइजसाठी एररच. ही शाखा तक्त्यात वेगळ्या प्रकाराने लिहायची गरज नाही. ऑक्टलच्या टेम्प्लेटमध्येच ती पहिली तपासणी म्हणून बसते.

डेव्हमेजर आणि डेव्हमायनर साध्या फाइलींसाठी अनेकदा नुसत्या शून्य बाइटनी भरलेले असतात. म्हणून ‘रिकामं चालेल: हो’ आणि किंमत ०.

चेकसम आणि मराठी नावं

चेकसम म्हणजे ५१२ बाइटची साधी बेरीज, फक्त बेरीज करताना चेकसमचे स्वतःचे ८ बाइट स्पेस (३२) धरायचे. इतकं सोपं असूनही इथे एक सापळा आहे आणि तो आपल्याकडच्या फाइलींवरच उघडतो.

सीमध्ये चार (कॅरेक्टर, एका बाइटचा) हा प्रकार एक्स८६वर साधारणपणे साइन्ड (ऋण किंमतही धरणारा) असतो, एआरएमच्या लिनक्सवर अनसाइन्ड. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह ३ बाइटचं असतं आणि ते तिन्ही बाइट १२८च्या वरचे किंवा बरोबर १२८ असतात. उदाहरणार्थ, ‘ग’ म्हणजे २२४, १६४, १५१. साइन्ड चारमध्ये २२४ हा −३२ होतो. असा प्रत्येक बाइट बेरजेत २५६ने कमी पडतो. ‘ग्रामपंचायत’ या नावात ११ कोड पॉइंट (युनिकोडमधली अक्षर-चिन्हं), म्हणजे ३३ बाइट. बेरीज ८,४४८ने चुकते. इंग्रजी नावांवर हाच कोड अगदी बरोबर चालतो, त्यामुळे टेस्ट हिरव्या आणि खरी फाइल आली की ‘हेडर खराब’.

उपाय: जनरेट केलेल्या स्ट्रक्टमध्ये प्रत्येक फील्ड अनसाइन्ड चारचा अ‍ॅरे ठेवा, साधा चार कुठेच नको. वाचताना मात्र दोन्ही बेरजा करून कोणतीही जुळली तर स्वीकारा. काही जुन्या टार प्रोग्रॅमनी साइन्ड बेरीज लिहिलेली आहे आणि जीएनयू टारही ती चालवून घेतं.

नावाचं एन्कोडिंग यूस्टार हेडरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पार्सरने बाइट जसेच्या तसे द्यावेत. यूटीएफ-८ नाही म्हणून नाकारू नये, नॉर्मलाइझही (वेगवेगळ्या लेखनांना एकच रूप देणं) करू नये. ‘कऱ्हाड’मधला ऱ एकाच कोड पॉइंटने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन कोड पॉइंटनी. जुन्या मॅकवरची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम दुसऱ्या पद्धतीने साठवायची. दोन नावं एकच आहेत का, हे ठरवणं वरच्या थराचं काम. पार्सरने ते अंगावर घेतलं तर मूळ नाव परत मिळायचा मार्ग बंद होतो. नाव १०० बाइटवर अर्धवट कापलेलं असेल तर शेवटी एकटाच २२४ लोंबकळताना दिसेल, कारण ३३ कोड पॉइंटचे ९९ बाइट होतात. तोही तसाच द्या.

जनरेटर

दीड-दोनशे ओळींच्या पायथन स्क्रिप्टमध्ये हे सगळं बसतं. तक्ता सीएसव्हीमध्ये ठेवा, प्रत्येक शेवटाच्या प्रकाराला एक टेम्प्लेट.

टेम्प्लेटसाठी एफ-स्ट्रिंग वापरू नका. सीमध्ये महिरपी कंस पावलोपावली लागतात आणि एफ-स्ट्रिंगमध्ये प्रत्येक कंस दुहेरी करावा लागतो. आठवड्याने तो कोड लिहिणाऱ्यालाही वाचवत नाही. स्टँडर्ड लायब्ररीतला स्ट्रिंग टेम्प्लेट घ्या, त्यात जागा डॉलरच्या चिन्हाने दाखवतात. सबस्टिट्यूट हे फंक्शन वापरा, सेफ-सबस्टिट्यूट नको. पहिलं नाव सापडलं नाही तर तिथेच कोसळतं. दुसरं डॉलर तसाच सोडतं आणि मग चूक सी कंपायलरच्या तोंडून, भलत्याच शब्दांत ऐकावी लागते.

स्ट्रक्टच्या खाली जनरेटरने स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणाऱ्या तपासण्या) काढायचे: प्रत्येक फील्डचा ऑफसेटऑफ अमुक, सगळ्याचा साइझऑफ ५१२. सी११पासून हे भाषेतच आहे. सगळी फील्ड अनसाइन्ड चारचे अ‍ॅरे असल्याने कंपायलर मध्ये पॅडिंग घालत नाही. पण उद्या कोणी तक्त्यात इंट हा प्रकार घुसवला तर असर्ट लगेच ओरडेल. असर्टच्या आधी लाइन डायरेक्टिव्ह (कंपायलरला फाइल आणि ओळ सांगणारी सूचना) टाकून सीएसव्हीची ओळ दाखवली तर एरर थेट तक्त्यातल्या चुकीच्या ओळीवर नेतो. असर्टनंतर मात्र लाइन डायरेक्टिव्ह पुन्हा जनरेट केलेल्या फाइलकडे वळवा, नाही तर पुढचे सगळे एरर आणि डीबगरही सीएसव्हीकडेच बोट दाखवत राहतील.

फाइलच्या पहिल्या ओळीत ‘ही फाइल जनरेट केलेली आहे, हाताने बदलू नका’ आणि कोणत्या तक्त्यावरून केली ते लिहा. तारीख-वेळ लिहू नका. ती लिहिली की तक्ता न बदलताही फाइल बदलते, मेक पुन्हा सगळं कंपाइल करतं आणि गिटमध्ये निरर्थक फरक दिसतात. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि आधीचीशी तंतोतंत जुळत असेल तर जुनीला हात लावू नका. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) जनरेटर पुन्हा चालवून गिट डिफ रिकामा आहे का ते तपासा. कोणी जनरेट केलेली फाइल हाताने ‘दुरुस्त’ केली असेल तर ती तिथे पकडली जाते.

काइताई स्ट्रक्टसारखं तयार साधन घेता येतं. त्यात लांबी, शेवटचा बाइट आणि एन्कोडिंग हे तिन्ही यामल फाइलमध्ये लिहिता येतं आणि पायथन, जावा, सी++ वगैरेंसाठी कोड मिळतो. फक्त वाचायचं असेल तर तेच घ्या. मेमरी न मागणारा सी कोड हवा असेल तर स्वतःचा जनरेटर परवडतो.

प्रीफिक्स आणि पॅक्स

पूर्ण पाथ म्हणजे प्रीफिक्स, तिरकी रेघ, नेम. प्रीफिक्स रिकामा असेल तर रेघही नाही. हे फक्त पॉझिक्स मॅजिक असेल तेव्हाच. जीएनयू फॉरमॅटमध्ये ३४५पासून एटाइम आणि सीटाइम असतात. एरवी ते शून्य असल्याने चूक दबून राहते. इन्क्रिमेंटल बॅकअपची फाइल आली की प्रत्येक फाइल ऑक्टल अंकांच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरते. तक्त्यात ‘कधी लागू’ हा पाचवा रकाना घाला आणि प्रीफिक्ससमोर पॉझिक्स लिहा.

पॉझिक्सच्या २००१च्या आवृत्तीत आलेल्या पॅक्समध्ये लांब नावं वेगळ्या नोंदीत येतात: लांबी दशमान अंकांत, स्पेस, की (माहितीचं नाव), बरोबरचं चिन्ह, किंमत, नवी ओळ. लांबीत सगळं मोजलं जातं, लांबीचे स्वतःचे अंकसुद्धा. की ‘पाथ’ (रोमन ४ अक्षरं) आणि किंमत ‘ग्रामपंचायत’ असेल तर ४ + १ + ३३, एक नवी ओळ, एक स्पेस असे ४०, अधिक लांबीचे दोन अंक, एकूण ४२. पार्सरने ओळींवर तोडायचं नाही, कारण किंमतीत नवी ओळ असू शकते. लांबीइतकं पुढे जा, शेवटचा बाइट १० आहे का पाहा, पहिल्याच बरोबरच्या चिन्हावर तोडा. लांबी उरलेल्या बाइटपेक्षा जास्त किंवा शून्य असेल तर लगेच एरर. शून्य सोडून दिलं तर लूप जागच्या जागी फिरत राहतं.

टेस्टही जनरेट करा

तक्ता हातात आहेच, तर प्रत्येक स्ट्रिंग फील्डसाठी लांबी ०, १, न−१ आणि न (न म्हणजे फील्डची पूर्ण लांबी) अशा चार टेस्ट आपोआप काढा, आणि प्रत्येक वेळी पुढचं फील्ड शून्य नसलेल्या बाइटनी भरा. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरवर (मेमरीच्या हद्दीबाहेरचं वाचन पकडणाऱ्या साधनावर) विसंबू नका. नेममधून मोडमध्ये घुसणं त्याच ५१२ बाइटच्या आत होतं, त्याच्या लेखी ती चूकच नाही. लांबीचा आकडा ताडून पाहिला तरच सापडेल. सॅनिटायझर उपयोगी पडतो तो हेडरच्या बाहेर जाणाऱ्या चुकांसाठी, आणि त्यासाठी बफर मॅलॉकने नेमका ५१२ बाइटचा घ्यावा.

फझिंग (आपोआप बनवलेल्या वेड्यावाकड्या इनपुटने चाचणी) करताना चेकसमची तपासणी वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि फझरला ती टाळून आत जाऊ द्या. नाही तर जवळपास प्रत्येक इनपुट चेकसमवरच अडकतं आणि तासन्‌तास फझिंग करूनही ऑक्टलच्या लूपपर्यंत काही पोचत नाही.

खऱ्या फाइलीवरची एक टेस्ट हवीच. ‘ग्रामपंचायत’ तीनदा सलग लिहा, ते ९९ बाइट झाले. शेवटी एक इंग्रजी अंक जोडा, बरोबर १००. देवनागरी अंक जोडू नका, तो ३ बाइटचा आहे. या नावाची रिकामी फाइल बनवून जीएनयू टारला यूस्टार फॉरमॅट सांगून बांधा आणि आपल्या पार्सरने वाचा. नेमची लांबी १०० यायला हवी, चेकसम जुळायला हवी आणि नावामागे अंकांचं शेपूट नको.